काळ्या बंपरवरचे पांढरे डाग

एखादा मालट्रक समोर उभा आहे असे समजा. त्याच्याकडे नीट पाहा. केबिनचा पत्रा रंगवलेला असतो. तो चकाकतो. जवळ गेले तर त्यात आपले तोंडही दिसते. आता खाली पाहा. बंपर पाहा. आरशाची पाठ पाहा. चाकावरचे मडगार्ड, चढायची पायरी, दारावरची काळी पट्टी पाहा. नव्या गाड्यांत हे भाग पुष्कळदा काळ्या प्लॅस्टिकचे असतात. त्यांना रंग दिलेला नसतो. ते चकाकत नाहीत. दगडी पाटीसारखे मंद काळे दिसतात. या भागांवर डाग पडले तर काय करायचे, ते या धड्यात पाहू.

तुम्ही म्हणाल, डाग काढायला धडा कशाला हवा? साबण आहे, पाणी आहे, मनगटात जोर आहे. इथेच तर गोम आहे. या काळ्या भागांचे नुकसान डागाने फारसे होत नाही. ते होते डाग काढणाऱ्याच्या जोरामुळे. डाग आज ना उद्या निघतो. जोराने घासून पडलेला चट्टा मात्र कायमचा राहतो.

हे प्लॅस्टिक कसले असते ते आधी पाहू. त्याचे नाव पॉलिप्रॉपिलीन. नाव लांबलचक आहे. तोडून वाचा : पॉ-लि-प्रॉ-पि-लीन. आता एकत्र वाचा. लग्नाच्या मांडवात ज्या खुर्च्या मांडतात त्याही बहुधा याच प्लॅस्टिकच्या असतात. इटली देशात जूलिओ नात्ता नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९५४ साली याची बळकट जात तयार केली. पुढे १९६३ साली त्यांना आणि जर्मनीच्या कार्ल झीग्लर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बंपर करताना या प्लॅस्टिकात थोडे रबर घालतात. त्यामुळे धक्का बसला तर ते चटकन तडकत नाही. त्यात बारीक काजळीही घालतात. काजळीने रंग काळा होतो. शिवाय ऊन सोसण्याचे कामही काजळीच करते.

आता बंपरवरून हात फिरवा. तो गुळगुळीत लागत नाही. त्यावर बारीक बारीक खळगे आणि उंचवटे असतात. चामड्यावर असतात ना, तसे. कारखान्यात साच्यातच ते पाडतात. गुळगुळीत पत्र्यावर उजेड पडला की तो एका बाजूला परततो, म्हणून पत्रा चकाकतो. खरखरीत भागावर उजेड पडला की तो चहूकडे पांगतो, म्हणून तो भाग मंद दिसतो.

आम्ही सारी उमर फळ्यापुढे काढली. तेव्हा फळ्याचेच उदाहरण देतो. फळा खरखरीत असतो म्हणून तो खडू धरतो. वर्षानुवर्षे पुसून पुसून तो गुळगुळीत झाला की खडू घसरू लागतो. खिडकीतून ऊन आले की फळा चमकतो. मागच्या बाकावरची पोरे ओरडतात, "गुरुजी, दिसत नाही!" बंपरचेही तसेच आहे. तारेच्या घासणीने घासला की त्याचे उंचवटे झिजतात. तेवढी जागा गुळगुळीत होते आणि उन्हात चमकते. फळ्याला पुन्हा रंग मारता येतो. बंपरचे खळगे पुन्हा कोण पाडून देणार?

फळ्याची आणखी एक गंमत आहे. ओल्या फडक्याने फळा पुसा. क्षणभर तो काळाभोर दिसतो. वाळला की पांढरे फराटे उमटतात. कारण खडूची पूड गेलेलीच नसते. पाण्यात कालवली जाऊन ती खळग्यांत बसलेली असते. ड्रायव्हर मंडळी आम्हाला नेमके हेच गाऱ्हाणे सांगतात. "गुरुजी, धुतलं की काळं, वाळलं की पांढरं. चारदा घासलं. आता काय करावं याला?"

बंपर पांढरा झाला म्हणून गाडी कमी पळत नाही, हे खरे. पण ज्याची गाडी तो मालक सकाळी गाडीभोवती एक चक्कर मारतोच. जुनी गाडी विकायला काढली तर गिऱ्हाईक इंजिनाच्या आधी तोंड पाहते. आणि कधी कधी एका डागापायी घरच्या चुलीपर्यंत झळ पोहोचते. त्याची एक हकीकत सांगतो.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक ड्रायव्हर येत असत. वय पन्नाशीच्या आसपास. गाडी दुसऱ्याची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी गाडी धुवायला काढली. दुकानातून गाडी धुण्याचा एक जहाल द्रव आणला. बाटलीवर १:१० असे छापले होते. आकडे त्यांना येत होते, पण वाचता काही येत नव्हते. त्यांना वाटले, ही घड्याळातली वेळ आहे. एक तास दहा मिनिटे लावून ठेवायचे असेल. त्यांनी बाटलीतला द्रव तसाच, पाणी न घालता, भर उन्हात बंपरला फासला आणि ते जेवायला गेले. परत येऊन पाहतात तो बंपरवर पांढुरके ओघळ वाळले होते. पाण्याने निघेनात, साबणाने निघेनात. मालकाने नव्या बंपरचे पैसे पगारातून कापून घेतले. त्या दिवाळीला त्यांच्या मुलांना कपडे झाले नाहीत. त्यानंतरच ते आमच्या वर्गात आले. पहिल्या दिवशी त्यांनी पिशवीतून ती रिकामी बाटली काढली आणि म्हणाले, "आधी हे वाचायला शिकवा. ग म भ न मागाहून."

म्हणून आम्हीही तेच आधी सांगतो. १:१० असे लिहिले असेल तर ते "एकास दहा" असे वाचावे. एक माप द्रव आणि दहा मापे पाणी. माप कोणतेही चालेल. बाटलीचे झाकण घ्या, पेला घ्या, वाटी घ्या. पण द्रवाला आणि पाण्याला माप एकच हवे. द्रव झाकणाने आणि पाणी तांब्याने, असे केले की हिशेब चुकला. अर्धी वाटी द्रव घेतला तर पाणी किती? पाच वाट्या. दोन झाकणे द्रव घेतला तर पाणी किती? हे तुम्ही सांगा. बादलीत आधी पाणी घ्या, मग द्रव ओता. उलट केले तर फेस होतो आणि शिंतोडे डोळ्यांत उडतात.

आता धुण्याकडे वळू. गाडी सावलीत लावा. झाड नसेल तर ताडपत्री ताणा. बंपरला हात लावून पाहा. चटका बसत असेल तर थांबा. तापलेल्या प्लॅस्टिकवर साबण लगेच वाळतो आणि वाळलेला साबण हाच नवा डाग होतो. प्रथम नुसते पाणी सोडा. वरून खाली सोडा. चिखल भिजू द्या. चिखलात वाळू असते. सुका चिखल फडक्याने पुसणे म्हणजे बंपरला पॉलिश पेपर मारण्यासारखे आहे. चिखल वाहून गेला की मग साबणाचे पाणी घ्या. गाडी धुण्याचा शाम्पू असला तर उत्तम. नसला तर भांडी घासण्याचा पातळ साबण बादलीला एक चमचा पुरे. कपडे धुण्याची पावडर नको. तिचे न विरघळलेले कण खळग्यांत अडकून बसतात.

इथे फडक्यापेक्षा ब्रश चांगला. फडके उंचवट्यांवरून सरकते, खळग्यांत शिरत नाही. ब्रशाचे केस शिरतात. मऊ केसांचा ब्रश घ्या. कोपऱ्यांना जुना दातांचा ब्रश चालेल. हात हलका ठेवा आणि गोल गोल फिरवा. मग भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्या. आपोआप वाळेल म्हणून सोडू नका. निम्मे डाग इथेच जातात. उरतील ते बंपर पुरता वाळल्यावर पाहा. ओल्यावर सगळेच काळे दिसते.

उरलेल्या डागांत पांढऱ्यांची संख्या जास्त. आणि फसगत होते ती त्यांच्यातच. पांढरा डाग म्हणजे एकच डाग नव्हे. निदान चार प्रकारचे पांढरे डाग आम्हाला माहीत आहेत. चारही दिसायला भावंडे, पण औषध प्रत्येकाचे निराळे. वैद्य आधी नाडी पाहतो, मग पुडी देतो. इथेही तसेच करावे.

पहिला डाग पॉलिशचा. रंगीत पत्र्याला पॉलिश लावताना हात सुटतो आणि ते काळ्या भागावर जाते. पॉलिशमध्ये मेण असते. घासून चकाकी आणण्यासाठी बारीक पूडही असते. ते खळग्यांत वाळले की पांढरे दिसते. हा डाग ओळखायला सोपा. रंगीत पत्रा आणि काळे प्लॅस्टिक जिथे मिळतात त्या कडेलाच तो असतो आणि हात ज्या दिशेने फिरला त्या दिशेला त्याचे फराटे असतात. यावर एक घरगुती उपाय आहे. मुलाच्या दप्तरातले खोडरबर घ्या. पांढरे, मऊ खोडरबर घ्या. बंपर कोरडा असताना हलक्या हाताने डाग खोडा. पेन्सिलीचे अक्षर खोडतो तसे. पॉलिशची पूड रबराच्या भुकटीबरोबर निघून येते. खोडलेले ब्रशाने झटकून टाका. पोराला मात्र दुसरे खोडरबर आणून द्या. नाहीतर त्याची वही काळी व्हायची.

एवढ्याने गेला नाही तर कोमट पाणी, साबण आणि दातांचा ब्रश वापरा. तरीही राहिला तर त्या जागेवर बोटभर गोडे तेल चोळा. शेंगदाण्याचे चालेल. पाच-दहा मिनिटे थांबा. तेलात मेण सुटते. मग साबणाने दोनदा धुवा. तेल ठेवू नका, त्यावर धूळ बसते. शेवटचा उपाय औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटचा. निम्मे स्पिरिट, निम्मे पाणी घेऊन फडक्याने पुसा. स्पिरिट पेट घेते. त्या वेळी तोंडात विडी नको आणि जवळ स्टोव्ह नको. या सगळ्यापेक्षा सोपे म्हणजे पॉलिश करण्याआधी काळ्या भागाच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावणे. रंगारी लावतात तीच. पाच मिनिटांचे काम आहे, पण कंटाळा कोणाला सुटला आहे?

दुसरा डाग पाण्याचा. होय, पाण्यानेही डाग पडतो. बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्यात चुन्याचे क्षार असतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. पाणी तापवायच्या हंड्याच्या बुडाला आतून पांढरा थर धरतो, तो हाच. बंपरवर याच्या गोल कड्या दिसतात. आरशाखाली ओघळ दिसतात. जिथे पाण्याचे थेंब थांबतात तिथे हा डाग असतो. याला साबण लागू पडत नाही. याला आंबट हवे. वाण्याकडे व्हिनेगर मिळते. त्यात शंभरात चार-पाच भाग आम्ल असते. एक वाटी व्हिनेगर आणि एक वाटी पाणी एकत्र करा. हे प्रमाण कसे लिहाल? १:१, एकास एक. त्यात फडके भिजवून डागावर पाच मिनिटे चिकटवून ठेवा. वाळू देऊ नका. ब्रश फिरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. थर जाड असेल तर दुसऱ्यांदा करा. जोर लावू नका. दोनदा हलक्या हाताने केलेले काम एकदा जोराने केलेल्यापेक्षा बरे. व्हिनेगर नसेल तर लिंबाच्या रसाने काम भागते.

तिसरा डाग नव्या काळाचा आहे. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ हा धुराचा नियम लागू झाला. तेव्हापासूनच्या बहुतेक मोठ्या डिझेल ट्रकना डिझेलच्या टाकीशिवाय आणखी एक छोटी टाकी असते. तिचे झाकण निळे असते. तीत युरियाचे पाणी भरतात. शेतात घालतात तो युरिया, पण फार शुद्ध केलेला. वजनाने १०० भागांत साडेबत्तीस भाग युरिया आणि बाकीचे शुद्ध पाणी. धुरातला विषारी वायू कमी करण्यासाठी ते लागते. भरताना ते सांडते, ओघळते आणि वाळले की मिठासारखे पांढरे खडे धरतात. टाकीजवळच्या पायरीवर, मडगार्डावर हा डाग दिसला की क्लीनर पोरगा त्यावर तुटून पडतो. घासतो, रॉकेल लावतो, पत्र्याने खरवडतो. अरे बाबा, तो युरिया आहे! तो पाण्यात विरघळतो. कोमट पाणी ओता, दोन मिनिटे थांबा, पुन्हा ओता. झाले. फार दिवस मात्र तसाच ठेवू नका, कारण जवळच्या धातूला तो खातो. आणि निळ्या झाकणाच्या टाकीत डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत हे पाणी कधीही जाऊ देऊ नका. तो खर्च बंपरच्या कितीतरी पट असतो.

चौथा पांढरेपणा म्हणजे डाग नव्हेच. ती उन्हाची करणी. काजळीने पुष्कळ ऊन अडवले तरी वर्षानुवर्षे उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या प्लॅस्टिकचा वरचा थर जीर्ण होतो. तो करडा, पिठूळ दिसू लागतो. आमच्यासारख्यांच्या केसांसारखे समजा. तो कसा ओळखावा? एक तर तो ठिपक्यांत नसतो, सगळीकडे सारखा असतो. उन्हाकडच्या वरच्या बाजूला जास्त आणि खालच्या आडोशाला कमी असतो. दुसरे म्हणजे त्याला साबण लावा, व्हिनेगर लावा, काही फरक पडत नाही. तिथे घासणे थांबवा. जे बाहेरून आलेले नाही ते बाहेर कसे काढणार? दुकानात प्लॅस्टिकला काळेपणा आणणारे मलम किंवा पातळ औषध मिळते. पाण्यात केलेले घ्या. धुऊन वाळवलेल्या बंपरला फडक्याने पातळ हात द्या, उरलेले पुसून घ्या. काही आठवडे काळेपणा राहतो. पावसात धुऊन गेला की पुन्हा लावा. हे कायमचे औषध नाही. कायमचे म्हणून कोणी विकत असेल तर त्याचे गोड बोलणे ऐका आणि पाकीट खिशातच ठेवा.

काही जण इथे डिझेल किंवा जळके ऑइल फासतात. दोन दिवस बंपर काळा कुळकुळीत दिसतो. तिसऱ्या दिवशी रस्त्याची सगळी धूळ त्याच्यावर येऊन बसते. काही गॅरेजांत ज्योत फिरवून प्लॅस्टिक काळे करून देतात. तेही करू नये. क्षणभर जास्त धरली की बंपर वाकडा होतो. शिवाय जवळ डिझेलची टाकी, तारा आणि रबरी नळ्या असतात, हे विसरून कसे चालेल?

पांढऱ्या डागांचे एवढे पुरे. रंगीत डागांपैकी एक आपल्याकडे घरोघरी पडतो. दसऱ्याला गाडी धुऊन आपण तिची पूजा करतो. झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू वाहतो, कोणी ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढतो. पूजा जरूर करावी. पण ओली हळद प्लॅस्टिकच्या खळग्यांत बसली की पिवळा डाग राहतो. त्याला साबण लावला की तो लाल होतो आणि माणूस घाबरतो. घाबरू नका. साबणाने हळद लाल होतेच. पांढऱ्या कपड्यावर पाहिले असेल. पाण्याने धुतले की लाली जाते, थोडा पिवळेपणा उरतो. त्याचा धोबी म्हणजे ऊन. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. चार-सहा दिवस गाडी उन्हात फिरली की डाग आपला आपण उडतो. ज्या उन्हाने बंपर करडा केला तेच ऊन इथे फुकट काम करते. कुंकवाचे तसे नाही. हल्ली पुष्कळ कुंकवांत कारखान्यातला रंग असतो. ते दुसऱ्या दिवशीच साबणाने आणि ब्रशाने काढून टाकावे. खरे तर टिळा रंगीत पत्र्यावर किंवा काचेच्या कोपऱ्यात लावावा. देवाला तो तिथेही पोहोचतो.

पान-तंबाखूच्या पिचकारीचा डाग दाराखाली आणि पायरीवर पडतो. ओला असताना पाण्याने जातो. वाळल्यावर ओले फडके ठेवून भिजवावा लागतो. तो कोणी पाडला, हे आम्ही विचारत नाही.

सिमेंट वाहणाऱ्या गाडीवर सिमेंटचे पाणी उडते. ते ओले असतानाच धुवा. घट्ट झाले की ते दगड होते. मग व्हिनेगरचे फडके पुन्हा पुन्हा ठेवून ते मऊ करावे लागते आणि लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या चपट्या काडीने अलगद सोडवावे लागते. चाकू लावू नका. ओले सिमेंट कातडीलाही खाते, म्हणून हातात रबरी मोजे घाला.

डांबराचे ठिपके उन्हाळ्यात नव्या रस्त्यावर उडतात. ठिपक्यावर गोडे तेल लावलेले फडके पाव तास ठेवा. डांबर मऊ पडते. मग पुसा आणि साबणाने धुवा. नाहीच गेले तर फडक्याला थोडे रॉकेल घ्या, तेवढाच ठिपका पुसा आणि लगेच साबणाने धुवा. रॉकेल बंपरवर मुरत ठेवू नये, कारण हे प्लॅस्टिक त्याने हळूहळू फुगते. पेट्रोल आणि थिनर तर जवळही आणू नयेत. दिव्यांच्या प्लॅस्टिकच्या काचेवर थिनरचा हात लागला तर तिला बारीक चिरा पडतात. मागची लाल, पुढची पांढरी आणि बाजूची पिवळी चमकपट्टी असते ना, तिलाही थिनर आणि घासणी लावू नका. ती फक्त साबणपाण्याने पुसा. रात्री मागून येणाऱ्याला तुमची गाडी त्या पट्टीमुळेच दिसते.

दुकानात एक पांढरा, हलका स्पंज मिळतो. पाण्यात बुडवून घासला की भिंतीवरचे डागही जातात. तो मऊ लागतो, पण काम पॉलिश पेपरचे करतो. मंद काळ्या भागावर त्याने चकाकणारे चट्टे पडतात. तो भिंतीलाच राहू द्या.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. काही क्लीनर पोरे पांढरा डाग दिसला की संडास धुण्याचा द्रव लावतात. त्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. डाग जातो, पण बंपरचे बोल्ट, पत्रा, चाकाची तबकडी यांना ते खाते. हाताला आणि डोळ्याला काय होते ते सांगायला नको. त्याहून वाईट म्हणजे एकाने काम होत नाही म्हणून त्यात ब्लीचिंगचे पाणी मिसळणे. असे केले की क्लोरीन वायू निघतो. १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधील ईप्र येथे सैनिकांवर हाच वायू सोडला होता. छाती जळते, श्वास कोंडतो, माणूस मरू शकतो. ब्लीचिंगचे पाणी आणि आम्ल कधीही, कशासाठीही एकत्र करू नका. व्हिनेगरसुद्धा आम्लच आहे, हे लक्षात ठेवा. चुकून झालेच तर सगळे तिथेच टाकून मोकळ्या हवेत लांब जा.

कोणतेही औषध नवे असेल तर ते आधी बंपरच्या खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला बोटभर लावून पाहावे. पाच मिनिटांनी धुवावे, वाळवावे, मग पाहावे. ठीक असेल तरच पुढे लावावे. सौम्य आधी, जहाल मागाहून.

काळेपणा आणणारे औषध लावताना एक जागा सोडायची. ती म्हणजे पायरी. तीही काळीच असते, म्हणून फडके तिच्यावरूनही फिरते. मग ती निसरडी होते. पहाटे दव पडलेले असताना, डोळ्यांवर झोप असताना ड्रायव्हर त्याच पायरीवर पाय ठेवून चढतो. हातात धरायची दांडी, स्टिअरिंग आणि पायाखालचे पेडल यांनाही ते औषध लावू नये. तिथे नुसते साबणपाणी आणि कोरडे फडके.

उद्या वर्गाला येताना आपापल्या गाडीतली किंवा घरातली एक बाटली घेऊन या. झाकण घट्ट लावून आणा. तिच्यावर तीन गोष्टी शोधून ठेवा. पाणी किती घालायचे, तो आकडा. किती मिनिटे ठेवायचे, तो आकडा. आणि चौकटीतले चित्र. ज्वाळेचे चित्र असेल तर तो द्रव पेट घेतो. हातावर थेंब पडून हात जळतो आहे असे चित्र असेल तर तो कातडी जाळतो. ज्यांच्या बाटलीवर फक्त इंग्रजी असेल त्यांनीही आणावी. आकडे आणि चित्रे आपण मिळून वाचू.